हप्ता माझ्या शेताचा, मोजणी मंडळाची!

शेतकरी पिकाचा विमा का उतरवीत नाही, असा प्रश्न शहरातील शहाणी मंडळी वारंवार करतात, आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळी होतात की, शेतकरी अडाणी! बंधूंनो, हे उत्तर सोपे आहे, पण खोटे आहे. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्र सरकारने एका रुपयात विमा देऊ केला, तेव्हा याच अडाण्यांनी रांगा लावल्या होत्या. ज्यास बाजारात कडब्याच्या पेंढीचा भाव पैशापर्यंत कळतो, त्यास विम्याचा नफातोटा कळत नाही काय?

मी शाळामास्तर. म्हणून गणितच मांडतो. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. शेतकऱ्याचा हप्ता खरिपास विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीस दीड टक्का, नगदी पिकास ५ टक्के; उरलेला सरकार भरते. येथवर तक्रार नाही. आता भरपाईचा हिशेब ऐका. मागील ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढावयाची आणि तिचे ७० टक्के धरावयाचे. यास म्हणतात उंबरठा उत्पन्न. समजा, सोयाबीनची सरासरी हेक्टरी १० क्विंटल. तर उंबरठा ७. पीक कापणी प्रयोगात साऱ्या महसूल मंडळाचे उत्पन्न साडेसात निघाले, तर कोणासही छदाम नाही. ५ निघाले, तर रुपयास सुमारे २९ पैसे. मग तुमचे शेत पुरात समूळ वाहून गेलेले असो!

गेल्या साली माझ्या सांगण्यावरून एका शेजाऱ्याने हप्ता भरला. त्याचे रान ओढ्याकाठी. सोयाबीन काढणीला आली आणि पाण्याखाली गेली. माळावरची राने तरली, मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. तो ओसरीवर येऊन एवढेच म्हणाला, "गुरुजी, पाणी माझ्या शेतात शिरलं का मंडळात?" मजजवळ उत्तर नव्हते. आता हा मनुष्य पुन्हा हप्ता भरणार नाही. त्यास अडाणी म्हणण्याची छाती कोणाची आहे?

पूर्वी ओढा फुटला, गारा पडल्या, तर ७२ तासांत कळविणाऱ्याच्या शेताचा वेगळा पंचनामा होई. २०२५ च्या खरिपात सरकारने एक रुपयाचा विमा बंद केला आणि हे कलमही काढून टाकले. कारण काय, तर खोटे अर्ज फार आले! खोटे अर्ज करणारा एक, आणि फटका बसला खऱ्या शेतकऱ्यास. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच!

केंद्राच्या नियमांत मुख्य पिकांसाठी गाव किंवा ग्रामपंचायत हे मोजणीचे एकक सांगितले आहे. महाराष्ट्रात ते महसूल मंडळ. मंडळात गावे अनेक. कोणाचे रान खडकाळ, कोणाचे काळेभोर, एका शिवारात ढग फुटतो, दुसऱ्यात धुरळा उडतो. सर्वांची एक सरासरी काढणे म्हणजे एकाच्या ताटातील भाकरी मोजून दुसऱ्यास "तू जेवलास" म्हणणे होय.

म्हणून बंधूंनो, विमा नको असे मी म्हणत नाही. विमा नसला की नुकसान सावकाराच्या वहीत जाते, हे आपल्या आज्यापणज्यांनी भोगले आहे. विमा पाहिजेच, पण तो आपल्या बांधाच्या आतला पाहिजे. ग्रामसभेत ठराव करा: मोजणी गावाची व्हावी, पूर-गारांचा स्वतंत्र पंचनामा परत यावा, कापणी प्रयोगाचे आकडे चावडीवर लागावेत. आणि आपलेही कर्तव्य चुकवू नका. ई-पीक पाहणीत पेरले तेच पीक नोंदवा, पावती जपून ठेवा, कापणी प्रयोगाच्या दिवशी चार जण शेतावर उभे राहा. तराजू दुसऱ्याच्या हाती देऊन घरी निजणाऱ्यास मापात मारले, तर त्याने रडावे कोणापुढे?

हप्ता देणारा भिकारी नव्हे. त्याने हिशेब मागितलाच पाहिजे!