फोल्डिंग सायकल : परदेश तीन आठवडे, केशोरी वर्षभर

ऱ्हाईन नदीच्या काठाने आम्ही दोघं सायकलवर फिरून आलो हे कळल्यापासून नातेवाइकांचे फोन सुरू आहेत. कोणती सायकल घेतली, केवढ्याला पडली, विमानात नेऊ देतात का... वहिनींचा प्रश्न मात्र सगळ्यांत सरळ, "गुडघा दुखते म्हनता, अन् सायकल कायले बाप्पा?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. परदेशात फिरण्यासाठी फोल्डिंग सायकल घेताना फक्त परदेश डोळ्यांसमोर ठेवू नये. परदेश तीन आठवड्यांचा, उरलेलं वर्ष ती आपल्याच अंगणात उभी राहणार. तेव्हा जिचा टायर आपल्या तालुक्यात मिळेल तीच घ्यावी.

आमच्या लेकीला हे पटत नाही. ती नेदरलँड्समध्ये राहते. "आई, ब्रॉम्प्टनच घे" हा तिचा धोशा. तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. अँड्र्यू रिची या इंग्रज इंजिनिअरने १९७५ च्या सुमारास ही सायकल रचली, अजून ती लंडनलाच बनते. घडी केली की ५८.५ × ५६.५ × २७ सेंमी. बऱ्याच विमान कंपन्या चेक-इन बॅगेला लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमी आणि २३ किलोपर्यंत परवानगी देतात. हिची बेरीज १४२, म्हणजे खोक्यासकट बसते. २० इंची चाकांच्या साधारण फोल्डिंग सायकलची बेरीज १७५-१८० पर्यंत जाते. मग चाकं, सीटचा दांडा काढून बांधाबांध करा, नाहीतर खेळाचं सामान म्हणून नोंदवा. ही कटकट आम्ही केली. जाताना एकदा, येताना एकदा.

पण टायर? ब्रॉम्प्टनचा टायर १६ इंची, त्यावरचा आकडा ३४९. आपल्याकडच्या लहान पोरांच्या १६ इंची सायकलचा असतो ३०५. नाव एक, पण हा टायर त्या चाकावर चढत नाही. केशोरीत तो फाटला तर मागवून वाट बघत बसणं आलं.

२० इंचीतही अशीच गंमत आहे. ४०६ आणि ४५१, दोन्ही '२० इंची' म्हणूनच विकले जातात. २० × १.७५ किंवा २० × २.१२५ असं लिहिलेला टायर ४०६ चा. पोरांच्या सायकलींना आणि बीएमएक्सला हाच लागतो, म्हणून आपल्या तालुक्यातही मिळतो नि जर्मनीतल्या छोट्या गावातही. ४५१ चाकाला थोडी पळते चांगली, पण टायर शोधत फिरावं लागतं. दुकानदार काहीही सांगो, टायरच्या कडेवरचा आकडा स्वतः वाचा. आम्हाला एका दुकानात "सगळे सारखेच असतात मॅडम" असं छातीठोक सांगितलं होतं :)

आता कोणी म्हणेल, खरे सायकलप्रवासी कुठे घडीची नेतात? बरोबर आहे. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ ला परतले, ते साध्या सायकलींवर. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किमी कापले, तेही पूर्ण मापाच्या सायकलवर. रोज शंभर-दोनशे किमी जायचं असेल तर फोल्डिंगच्या वाटेला जाऊच नये. लहान चाक खड्ड्यात दणकतं आणि मागे मोठ्या पिशव्या लावल्या तर टाचा लागतात. नुसत्या नेदरलँड्समध्येच फिरायचं असेल तर मी म्हणेन, काहीच नेऊ नका, तिथे भाड्याने घ्या.

फोल्डिंग आमच्यासारख्यांसाठी. म्हणजे थोडी सायकल, थोडी रेल्वे. डच रेल्वेत कामाच्या दिवशी सकाळी ६.३० ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६.३० साधी सायकल चढू देत नाहीत (उन्हाळी सुट्टीचे महिने सोडून). एरवीही तिचं वेगळं तिकीट. घडी केलेली मात्र केव्हाही, फुकट. जर्मनीतही घडी केली की ते सामान.

आणि इथेच वहिनींना उत्तर आहे. बिंगेन ते कोब्लेन्झ हा ऱ्हाईनचा सुंदर पट्टा सुमारे ६५ किमीचा. दोन्ही काठांनी रेल्वे जाते. सांक्ट गोआरपर्यंत, म्हणजे निम्म्याच्या जरा अलीकडे, माझा गुडघा बोलायला लागला. सायकल मिटली, गाडीत बसले, कोब्लेन्झला उतरले. हे मागून सायकलनेच आले. कोणाला फोन नाही, जावयाला गाडी घेऊन बोलावणं नाही. साठीनंतर परदेशात लेकीकडे गेलं की आपण सामानासारखे होतो, कोणीतरी नेईल तेव्हा जायचं. मला ते नको होतं. ग्रॅच्युइटीचे पैसे मी त्यासाठी खर्च केले, आणि एका ब्रॉम्प्टनच्या किमतीत आमच्या दोन सायकली येऊन वर पैसे उरले.

घेणाऱ्यांसाठी आणखी थोडं. निघण्याआधी महिनाभर गावातच रोज घडी घाला-उघडा, फलाटावर शिकायला वेळ नसतो. दोन ट्यूब, पंप आणि पाने सोबत ठेवा. सामान पुढे हँडलजवळ लावा. सायकल किती वजन पेलते ते बघा, बहुतेक सायकलींची मर्यादा सामानासकट १०५-११० किलोच्या आसपास असते. बॅटरीवाली घ्यायचा मोह होईल, पण १६० वॅट-तासांच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-सायकलची बहुधा त्याहून मोठीच असते.

सध्या आमच्या दोन्ही सायकली ओसरीवर उघड्याच उभ्या असतात. सकाळी गोठणगावच्या तिबेटी वसाहतीकडे, कधी इटियाडोह धरणाकडे. मिरच्या तोडायला निघालेल्या बाया "बाई, पोराची सायकल आणली का जी?" म्हणून हसतात. हसू द्या. टायर फाटला तर तो तालुक्यालाच मिळतो.

तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा. लेकीची बाजू घेणारेही चालतील!