बाटलीआधी खुरपं

मातीखाली (साप्ताहिक सदर)

पीक पिवळं पडलं की आपली पावलं कृषी सेवा केंद्राकडे वळतात. मोबाइलवरचा फोटो पाहून दुकानदार ‘पांढरी मुळी थांबलीय’ म्हणतो आणि आळवणीची बाटली पुढे सरकवतो. निदान बहुधा बरोबर असतं, उपाय बऱ्याचदा चुकतो. मुळी अन्नावाचून नव्हे, हवेवाचून थांबलेली असते.

जाड, तपकिरी मूळ झाडाला धरून ठेवतं. पाणी आणि अन्नद्रव्यं ओढायचं मुख्य काम मुळीच्या टोकामागे, पांढऱ्या भागावर असणारी बारीक लव करते. ती फार दिवस जगत नाही. मुळी पुढे सरकत राहिली तरच नवी लव फुटते. अमेरिकेत हॉवर्ड डिटमर यांनी १९३७ साली राय या तृणधान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाचा हिशेब मांडला. मुळांची लांबी भरली ६०० किलोमीटरच्या वर आणि लव सुमारे १,४०० कोटी!

एवढा पसारा चालवायला ताकद लागते. नत्र, पालाश आपोआप आत शिरत नाहीत. ते ओढायला मुळी ऊर्जा खर्च करते आणि त्या ऊर्जेसाठी तिला श्वास घ्यावा लागतो. वाफशावरच्या चांगल्या जमिनीत साधारण निम्मी माती, पाव हिस्सा पाणी आणि पाव हिस्सा हवा असते. पाणी तुंबलं की हवा हुसकली जाते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. म्हणून खत घालूनही पीक पिवळं राहतं, पाण्यात उभं असूनही माना टाकतं. भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्याला चिखल मानवतो. तुरीला, कपाशीला नाही.

शेतकऱ्याला हे कळत नाही असं नाही. पण वीज रात्रीची, तीही कधी जाईल याचा भरवसा नाही. मग आहे तोवर मोटर चालू ठेवली जाते आणि वाफशाऐवजी विजेच्या वेळापत्रकावर पाणी दिलं जातं. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. बिल वाचलं, चांगलंच झालं. पण माझ्या मते फुकट विजेपेक्षा दिवसाची, ठरल्या वेळेची वीज पिकाच्या जास्त कामाची आहे.

तोवर एवढं करा. बाटलीआधी खुरपं घ्या. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि खाली टाकताच फुटला, तर वाफसा आहे. बोटांना चिकटली तर पाणी थांबवा. मुळी उपटून पाहा. काळी पडली असेल, साल हातात येत असेल, कुजका वास येत असेल, तर पहिला पैसा चर काढण्यावर घाला. भारी जमिनीत पुढची पेरणी रुंद वरंब्यावर करा. हा सल्ला दुकानात सहसा मिळणार नाही, कारण चर बाटलीत भरून विकता येत नाही.

– शिवारकरी