आगीत लोखंडी शेड का कोसळते? बीमकडे नाही, जोडाकडे बघा

मे 2025 मध्ये भिवंडीजवळ वडपे इथल्या गोदामांना मोठी आग लागली. आमच्या उंबरमाळी-शहापूर पट्ट्यातली बरीच पोरं अशाच गोदामांत कामाला जातात. दर आगीनंतर चर्चा होते ती शॉर्ट सर्किटची. पण स्टील तर जळत नाही, मग शेड पडते कशी?

स्टील वितळत नाही, मऊ पडतं

स्टील वितळायला साधारण 1500 अंश सेल्सिअस लागतात. गोदामाची आग तिथवर जात नाही, पण 800 अंश सहज गाठते. आणि आपल्या आयएस 800:2007 या मानकातल्या सूत्रानुसार 550 अंशांनाच स्टीलची ताकद जवळपास निम्मी होते.

खरा घोळ जोडात

10 मीटरचा बीम 500 अंशांनी तापला तर 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढतो. दोन्ही बाजूंना खांब घट्ट, म्हणजे तो जोडालाच रेटतो. आणखी तापला की मध्ये झोळ पडतो आणि तोच जोड आता आत ओढला जातो.

त्यात बोल्ट लवकर दगा देतात. जास्त ताकदीच्या बोल्टला उष्णता-प्रक्रियेने कणखर केलेलं असतं. आगीत ती कमाई जाते. युरोपीय मानकाप्रमाणे 600 अंशांना बीमच्या स्टीलमध्ये 47 टक्के ताकद उरते, बोल्टमध्ये फक्त 22 टक्के. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं: दोन्ही मॉड्यूल ठीक, सिस्टिम पडते ती इंटरफेसवर.

आग विझल्यावरचा धोका

1990च्या दशकात इंग्लंडमध्ये कार्डिंग्टन इथे आठ मजली स्टीलची इमारत उभारून तिच्यात मुद्दाम आगी लावल्या. तिथे काही जोडांच्या प्लेट तुटल्या आणि बोल्ट कापले गेले, ते इमारत थंड होताना! झोळ पडलेला बीम आकसतो आणि जोडाला जोरात खेचतो. म्हणून ज्वाळा दिसेनाशा झाल्या की माल काढायला आत पळणं जिवावर बेतू शकतं. आधी इंजिनिअरने जोड तपासायला हवेत.

मग विचारायचं काय?

आयएस 800 सांगतं की जोडाला मिळणाऱ्या बीम-खांबांपैकी ज्याला सगळ्यात जाड अग्निरोधक थर लागतो, तेवढाच थर जोडालाही द्यायचा. तुमच्या गोदामात अग्निरोधक लेप असेल, तर एकदा मान वर करून बघा. बीमवर लेप आणि नट-बोल्ट उघडे दिसले, तर मालकाला नक्की विचारा.