राखेचा कार्बन होईल, पण वापरलेला कार्बन कुठे जाईल?



शेजारच्या साखर कारखान्यांच्या बॉयलरची राख उचलायची, तिचा सक्रिय कार्बन करायचा आणि त्याने इचलकरंजीतल्या कापड-प्रोसेसचे रंगीत पाणी साफ करायचे, हा हिशेब भाषणात छान जुळतो. तो पोकळ नाही, म्हणूनच नीट तपासायला हवा.

बगॅस आता टाकाऊ राहिलेला नाही. टनभर उसामागे सुमारे ३०० किलो निघणारा हा ओला चोथा कारखाने स्वतःच्याच बॉयलरमध्ये जाळतात आणि जास्तीची वीज विकतात. हात घालायचा तो धुराड्यापूर्वी पकडलेल्या राखेत, कारण तिच्यात अर्धवट जळालेला कोळसा असतो. ही राख रंग आणि फिनॉल शोषते, हे रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. मात्र राख म्हणजे सक्रिय कार्बन नव्हे. तिच्यातला कोळसा वेगळा काढून ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला वाफेत भाजावा लागतो, तेव्हा त्याला सूक्ष्म छिद्रे पडतात. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ १००० चौरस मीटर भरते. म्हणजे कबड्डीची जवळपास आठ मैदाने. या भाजणीत इंधन जाते आणि कोळसाही घटतो. राख फुकट मिळाली तरी कार्बन फुकटात पडत नाही.

पाणी नितळ झाले की लोकांचे समाधान होते. खरी मेख इथेच आहे.

सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगाची गडद छटा चढवायला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅमहून जास्त मीठ पडते. कार्बन रंग धरतो, मीठ सोडून देतो. तमिळनाडूत तिरुपूरच्या सांडपाण्याने नोय्यल नदीवरच्या ओरत्तुपाळयम धरणाचे पाणी शेतीतून बाद केले, ते मुख्यतः क्षारांमुळे. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगकाम थांबवले. पुढे रिव्हर्स ऑस्मोसिस आणि बाष्पीभवन यंत्रे बसवूनच धंदा सावरला. इचलकरंजीजवळून वाहणाऱ्या पंचगंगेकाठच्या ऊसकऱ्याला पाण्याच्या रंगापेक्षा त्यातल्या क्षारांची धास्ती जास्त असायला हवी.

दुसरी अडचण त्याहून कमी बोलली जाते. राखेपासून मिळतो तो बारीक भुकटीचा कार्बन. टाकीत तो मिसळला की रंग पिऊन गाळात बसतो आणि परत वेगळा काढता येत नाही. दाणेदार कार्बन भट्टीत भाजून पुन्हा वापरता येतो. भुकटीचे दाणे करायचे तर बंधक द्रव्य आणि यंत्रे आली. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या कार्बनची नोंद आहे. म्हणजे राखेचा प्रश्न सोडवताना रंगाने भरलेल्या गाळाचा ढीग तयार होणार, आणि तो रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रांपर्यंत नेण्याचा खर्च बहुतेक प्रस्तावांच्या पहिल्या पानावर नसतो.

तरीही हा प्रयोग व्हावा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी देताना कार्बन विकणाऱ्यावरच वापरलेला माल परत घेण्याची सक्ती करावी, आणि प्रक्रियेनंतरच्या पाण्याच्या सीओडीचे (रासायनिक ऑक्सिजन मागणीचे) व क्षारांचे आकडे दर महिन्याला जाहीर करायला लावावेत. या दोन अटी मान्य नसलेल्या प्रकल्पाला अनुदान देऊ नये.

एक वाचक, कोल्हापूर