डाळभाताचे वचन

लाहोरास २३ मार्च १९४० रोजी मुस्लिम लीगपुढे जो ठराव आला आणि ज्यातून १९४७ साली पाकिस्तान उभे राहिले, तो मांडणारे गृहस्थ म्हणजे बंगालचे मुख्यप्रधान फजलूल हक. त्या ठरावाचा कीस वकिलांनी काढावा. आम्ही पडलो खेड्यातले शाळामास्तर. आम्हांस हकसाहेबांचा हिशेब कुळाच्या बाजूने मांडावयाचा आहे.

१७९३ च्या कायमधाऱ्याने बंगालची जमीन जमीनदारांच्या घशात गेली. पूर्व बंगालात कसणारे बहुतेक मुसलमान व नमःशूद्र. जमीनदार व सावकार बहुतेक वरच्या जातींचे हिंदू, काही मुसलमान नबाबही. कोकणात ज्यांच्या वाडवडिलांनी खोताचा जाच सोसला, त्यांना हे निराळे सांगावयास नको. अशा मुलखात १९३७ च्या निवडणुकीत हकसाहेबांच्या कृषक प्रजा पक्षाने वचन दिले, की मोबदला न देता जमीनदारी मोडू आणि प्रत्येकाच्या पानात डाळभात वाढू. ढाक्याच्या नबाब घराण्यातील ख्वाजा नाझिमुद्दीन ह्यांना त्यांनी पटुआखालीत पाडले. कुळांनी नबाबाला पाडले, बंधूंनो!

आणि पुढे? काँग्रेसशी बोलणी फिसकटली. लीगशी सोयरीक जमली. मंत्रिमंडळात बहुतेक जमीनदारच बसले, आणि पडलेले नाझिमुद्दीन गृहमंत्री झाले. कुळांच्या मतांचे मोल ते हेच काय?

तरी खरे ते सांगितले पाहिजे. १९३८ च्या कायद्याने जमीन विकताना जमीनदाराला द्यावयाचा नजराणा बंद झाला. कर्ज तोडून हप्ते बांधून देणारी मंडळे गावोगाव पसरली. त्यांचा कायदा १९३५ चा, म्हणजे हकसाहेबांच्या आधीचा, पण अंमल त्यांच्या कारकिर्दीतला. १९४० साली सावकारी कायदा आला. कुळाने श्वास घेतला खरा; पण सावकाराने हात आखडला, आणि पेरणीला पैसा कोण देणार ह्याची तजवीज सरकारने केली नाही. मार्च १९४३ मध्ये हकसाहेबांचे पद गेले. त्याच वर्षीच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, आणि गरीब कुळांनी पोटासाठी जमिनी विकल्या. विकताना नजराणा पडला नाही, एवढेच!

जमीनदारी मोडण्याचा कायदा पूर्व बंगालात १९५० साली झाला, तोही हकसाहेब अधिकारावर नसताना. १९५४ मध्ये म्हातारपणी त्यांनी लीगचा धुव्वा उडवून पुन्हा मुख्यमंत्रिपद मिळविले. दोन महिने होतात न होतात तोच कराचीच्या सरकारने त्यांना काढले. अर्धेलीने कसणाऱ्या वर्गादाराला मात्र १९५० च्या कायद्यानेही कूळ मानले नव्हते.