पर्समध्ये मावणारे संरक्षण

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. नाव झाशीच्या राणीचे, म्हणजे तांब्यांच्या मनूचे. जवळच सफदरजंग इस्पितळ आहे. १६ डिसेंबर २०१२ रोजी रात्री धावत्या खाजगी बसमध्ये पाशवी अत्याचाराला बळी पडलेल्या तरुणीला तेथेच आणले गेले होते.

या घटनेनंतर जेमतेम वर्षभराने, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्माणीने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर विक्रीस काढले. वजन ५०० ग्रॅम, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये!

जवळ लपवून बाळगायचे शस्त्र निवडताना गिऱ्हाईक प्रथम आकार पाहते. पिस्तूल चपटे, म्हणून कपड्याआड सहज दडते. रिव्हॉल्व्हर मध्येच फुगीर, पण चालविण्यास सोपे. मात्र हत्यार जितके हलके तितका हाताला झटका अधिक, आणि नळी आखूड असली की नेम साधणे अवघड. नियमित सराव हवा, त्याला वेळ व पैसा हवा. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना हवा. रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेने हे सारे कोठून आणावे? आणि सहा हल्लेखोरांसमोर पर्स उघडण्यास तिला उसंत कोण देणार?

न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्येच रस्त्यांवर दिवे आणि सुरक्षित सार्वजनिक वाहतूक यांची शिफारस केली होती. शासनकर्त्यांनी मात्र संरक्षणाचीही विक्रीची वस्तू केली. पाळी सुटण्याच्या वेळी इस्पितळाच्या दारातून सरकारी बस सुटलीच पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांनी आता लावून धरावी.