आधी वाट वळवा, मग पार्टिशन उडवा

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत आली आहे. कळंब, उमरगा, परंडा, तुळजापूर. गाव बदलते, गोष्ट बदलत नाही. मशीनवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही होते. गिऱ्हाईक म्हणाले, चालू करताना काळा मेन्यू येतो तेवढा काढून टाका. आपल्या माणसाने डिस्क मॅनेजमेंट उघडले, अक्षर नसलेली पार्टिशन उडवली, मशीन रीस्टार्ट केले आणि पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' येऊन थांबले. पुढची ओळ प्रत्येक पत्रात सारखी आहे: 'शेवटी फॉरमॅट मारून दिला.'

त्या शेवटच्या ओळीवर आमचा आक्षेप आहे. ग्रब रेस्क्यू आला तेव्हा विंडोज शाबूत होते आणि डाटा जागच्या जागी होता. तुटली होती ती फक्त त्याच्याकडे जाणारी वाट. यूईएफआय मशीन असेल तर बूट मेन्यूतून विंडोज बूट मॅनेजर निवडायचा, एवढेच काम उरले होते. जुने एमबीआर मशीन असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'बूटरेक' आणि 'फिक्सएमबीआर', पाच मिनिटांत मोकळे. त्याऐवजी सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर रात्री जागून भरलेल्या नुकसानीच्या याद्या, दुकानदाराचा टॅलीचा हिशेब, शाळेचे निकालपत्रक, सगळे एका फॉरमॅटमध्ये गेले. याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

ही कामे अचानक का वाढली, हे आपण सगळे पाहतो आहोत. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर ते अधिकृतपणे घेत नाही. मग कुणी जुन्या मशीनवर 10 च्या शेजारी लिनक्स मिंट टाकून पाहिले, कुणी दुसऱ्या पार्टिशनवर 11 बसवले आणि आता बूट मेन्यूत दोन-दोन विंडोज दिसतात. कार्यालयांची तऱ्हा निराळी. किंमत उतरावी म्हणून लिनक्सवाली मशीन घ्यायची आणि टेबलावर आली की शेजारी विंडोज टाकून घ्यायचे. त्यात 13 ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर अशा कित्येक मशीनवर लिनक्स उघडणेच बंद झाले. जी प्रणाली उघडतच नाही ती जागा अडवून बसली आहे, ती काढा, ही मागणी रास्तच आहे.

काढण्याचा क्रम मात्र एकच आहे. आधी बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आणायचा आणि विंडोज ग्रबशिवाय थेट चालू होते का ते दोनदा पाहायचे. मगच लिनक्सची आणि स्वॅपची पार्टिशन उडवायची. रिकव्हरी आणि ईएफआय ही पार्टिशनही बिनअक्षरीच असतात, त्यांना हात लावायचा नाही. शेवटी ईएफआय पार्टिशनमधला उबुंटूचा फोल्डर आणि फर्मवेअरमधली त्याची नोंद काढायची. दोन विंडोज असतील तर आणखी सांभाळा. चालू असलेल्या प्रत्येक विंडोजला आपलेच ड्राइव्ह सी वाटते, म्हणून अक्षरावर जाऊ नका, डिस्कचा क्रमांक आणि आकार पाहा. नव्या एसएसडीवर विंडोज टाकले आणि ईएफआय पार्टिशन मात्र जुन्या हार्ड डिस्कवरच राहिले, असे सर्रास घडते. ती हार्ड डिस्क साफ केली की एसएसडीवरचे चांगले विंडोजही उठत नाही.

एवढे सांभाळूनही माणूस अडतो तो बिटलॉकरपाशी, आणि आमची खरी तक्रार इथून सुरू होते. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की डिस्कचे बिटलॉकर एन्क्रिप्शन आपोआप चालू होते आणि 48 अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयाचे असे मशीन आमच्या टेबलावर आले. लाइव्ह पेनड्राइव्ह चालावा म्हणून आधीच्या कुणीतरी सिक्युअर बूट बंद केला होता आणि तेव्हापासून पडद्यावर की मागितली जात होती. की होती आधीच्या लिपिकाच्या खासगी खात्यात. लिपिकाची बदली झालेली. नवे कर्मचारी म्हणाले, आम्हाला चार्जमध्ये की मिळाली नाही. वरिष्ठ म्हणाले, लेखी द्या. लेखी दिले तर उत्तरात मशीनचे खरेदी देयक आणि डेडस्टॉक रजिस्टरचा उतारा मागवला. एकोणीस दिवसांत तीन पत्रे झाली. पहिल्या दिवशी त्या लिपिकाला एक फोन केला असता तर पाच मिनिटांत काम झाले असते. शेवटी तो फोन आम्हीच केला आणि त्या भल्या माणसाने तिथल्या तिथे अंक सांगितले.

अधिकाऱ्यांना आमचे थेट विचारणे आहे. टेबलखुर्चीचा क्रमांक डेडस्टॉकला चढतो, मग ज्या 48 अंकांवर कार्यालयाचे सगळे दप्तर अवलंबून आहे त्यांची नोंद कुठे आहे? बदलीच्या वेळी किल्ल्या, शिक्के, रजिस्टरे मोजून घेता, मग रिकव्हरी की चार्ज यादीत का नाही? दुसरा प्रश्न पैशांचा. एएमसीच्या करारात 'फक्त हार्डवेअर' लिहिता आणि प्रणाली काढण्याचे काम तोंडी सांगता. काम झाले तर बिलात ते बसत नाही, बिघडले तर नुकसान आमच्या नावावर. कार्यादेशात एक ओळ वाढवायला कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहता?

आपल्या सभासदांनाही चार शब्द सुनावावे लागतील. बॅकअप न घेता पार्टिशनला हात लावणारे आपल्यातच आहेत. यूपीएस नसताना जीपार्टेडने पार्टिशन सरकवायला घेतात आणि मध्येच फीडर गेला की महावितरणला शिव्या देतात. वीज जाते हे धाराशिव जिल्ह्यात दुकान टाकणाऱ्याला ठाऊक नव्हते काय? लायसन्सचे विंडोज पुसून त्या जागी क्रॅक टाकून देणारेही आहेत, त्यांच्यामुळे सगळ्या धंद्याचे नाव खराब होते. आणि लिनक्स दिसला की 'हे काही कामाचे नाही' असे गिऱ्हाइकाला सांगणे थांबवा. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पात उबुंटू अधिकृतपणे वापरली जाते, केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकवतात, आपल्या सी-डॅकने 'बॉस' तयार केली आहे. गिऱ्हाइकाला ती प्रणाली नको असेल तर जरूर काढा. पण आत कुणाच्या फायली आहेत का, हे लाइव्ह पेनड्राइव्हने उघडून पाहिल्याशिवाय काढू नका. विंडोजला त्या पार्टिशनमधले काही दिसत नाही, म्हणून ते रिकामे आहे असे समजणे हा अडाणीपणा आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांतल्या दुकानदारांना विनंती आहे. या अंकाच्या शेवटच्या पानावर संमतीपत्राचा नमुना छापला आहे. कोणती प्रणाली काढायची, कोणती ठेवायची, रिकव्हरी की कोणाकडे आहे, बॅकअप कोणी घेतला आणि मजुरी किती, असे पाचच रकाने आहेत. झेरॉक्स काढून दुकानात ठेवा. पाचही रकाने भरून खाली गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय मशीन उघडू नका, मग ते मशीन शेजाऱ्याचे असो की साहेबांचे. एकट्या दुकानदाराने नियम धरला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. सगळ्यांनी एकाच दिवशी धरला तर जाणार कुठे? येत्या एक तारखेपासून सुरुवात करा आणि जे कार्यालय सही द्यायला नकार देईल त्याची हकीकत आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या महिन्यात ती सगळी पत्रे एकत्र बांधून आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत.